पाऊल कुठे पडते?

माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीत, प्राथमिक फेरी 9 मिनिटे 19.76 सेकंदांत पार करून अंतिम फेरी गाठली, तेव्हापासून त्याच तालुक्यातील म्हसवड परिसरातील मुलामुलींना धावण्याचे वेगळेच आकर्षण वाटू लागले असल्यास नवल नाही.

या मुलामुलींनी धावताना आधी टाच टेकावी की चवडा, यावर बराच वाद होतो. परंतु त्याहून महत्त्वाचे हे की पाऊल शरीराच्या फार पुढे पडू नये, कारण गुडघा ताठ ठेवून लांब टाकलेले पाऊल प्रत्येक वेळी गती रोखते आणि त्याचा धक्का नडगी व गुडघ्यापर्यंत पोहोचतो. पावले किंचित आखूड व जलद टाकली, की ती बहुधा आपोआप शरीराखाली येतात. वाढत्या वयातील मुलांना एकाएकी चवड्यावर धावायला लावणे मात्र चुकीचेच आहे, कारण त्यामुळे पोटरी आणि टाचेमागील जाड स्नायुबंध, म्हणजे धोंडशीर, यांवर अचानक ताण येतो. प्रशिक्षकांनी हा बदल काही आठवड्यांत, थोड्या थोड्या अंतरावर घडवावा, आणि टाच दुखत असल्याचे मूल सांगेल त्या दिवशी त्याचे धावणे थांबवावे.