कारचा स्टिरिओ बदलताय? आधी वायरिंगकडे पाहा!

गाडीचे इंजिन ठणठणीत असते, टायरही आणखी काही वर्षे सहज चालणार असतात. मात्र डॅशबोर्डमधला कंपनीचा स्टिरिओ मोबाइलशी जोडता येत नाही किंवा रिव्हर्स कॅमेऱ्यासाठी त्याला पडदाच नसतो. अशा वेळी गाडीऐवजी स्टिरिओच बदलण्याचा मार्ग अनेक जण स्वीकारतात. अॅक्सेसरीजच्या दुकानात हे काम तासा-दोन तासांत उरकते. त्या वेळेत डॅशबोर्डमागे नेमके काय घडते, याकडे वाहनमालकाचे क्वचितच लक्ष असते. पुढच्या तक्रारींचे मूळ मात्र बहुधा तिथेच दडलेले असते.

माप महत्त्वाचे

बाजारात 'सिंगल डिन' आणि 'डबल डिन' असे दोन प्रमुख आकार मिळतात. 'डिन' हे जर्मन मानक संस्थेचे संक्षिप्त नाव. सिंगल डिन संचाचा दर्शनी भाग सुमारे १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच असतो. डबल डिनची उंची १०० मिलिमीटर असते. संच खाचेत नेमका बसावा, यासाठी त्या मॉडेलची फ्रेम घ्यावी लागते. अनेक नव्या गाड्यांत मात्र पडद्यातूनच एसी व अन्य यंत्रणांचे नियंत्रण होते. तेथे स्टिरिओ बदलणे तितके सोपे नाही.

तारांचा हिशेब

नव्या संचाच्या पिवळ्या तारेतून साधारणपणे बॅटरीचा कायमचा पुरवठा येतो. घड्याळ व रेडिओ स्टेशनांची स्मृती त्यावर टिकते. लाल तारेत किल्ली फिरवल्यावरच वीज येते. काळी तार अर्थिंगची. पिवळ्या-लाल तारांची अदलाबदल झाली, तर गाडी बंद करताच सारी सेटिंग्ज पुसली जातात. दोन्ही तारा कायमच्या पुरवठ्याला जोडल्या, तर संच आपोआप बंद होत नाही आणि सकाळी बॅटरी उतरलेली आढळते.

खरा धोका तारा कापण्यात आहे. पिळून टेप गुंडाळलेला जोड उष्णतेने व हादऱ्यांनी सैल होऊ शकतो. उघडी तार धातूला टेकली, की शॉर्टसर्किट होते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज बसवणे तर आगीला आमंत्रण ठरते. कारण मग फ्यूजऐवजी तार तापते. शिवाय कापलेले वायरिंग पाहून कंपनी विद्युत भागांवरील वॉरंटीचा दावा नाकारू शकते.

त्यावर उपाय म्हणजे त्या मॉडेलसाठी मिळणारा कपलर. त्याचे एक टोक गाडीच्या मूळ जोडणीत व दुसरे नव्या संचात बसते. गाडीची एकही तार कापावी लागत नाही. स्टिअरिंगवरील बटणे चालू ठेवायची असतील, तर बहुधा वेगळा अडॅप्टर लागतो. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार काढणे आवश्यक. डॅशबोर्डमागे एअरबॅगच्या ताराही असतात आणि त्यांची जोडणीही बहुधा पिवळ्याच रंगाची असते. त्यांना हात लावू नये.

वॅटच्या आकड्यांना भुलू नका

खोक्यावरचे '५० वॅट गुणिले ४' हे कमाल क्षमतेचे वर्णन असते. गाडीच्या बारा व्होल्टच्या पुरवठ्यावर अशा संचातून सातत्याने मिळणारी शक्ती प्रत्येक स्पीकरमागे वीसेक वॅटच असते. त्यामुळे 'आरएमएस' हा आकडा पाहणेच योग्य.

पडद्याच्या संचाला अनेकदा हँडब्रेकची तार असते. गाडी धावत असताना चालकासमोर चित्रपट सुरू राहू नये, हा तिचा हेतू. काही फिटर ती थेट अर्थला जोडून हे बंधन मोडून टाकतात. ग्राहकाने त्यास स्पष्ट नकार द्यावा. प्रश्न करमणुकीचा नाही, रस्त्यावरील जिवांचा आहे.

काम झाल्यावर पक्के बिल घ्यावे आणि जुना संच सांभाळून ठेवावा. कपलर वापरला असेल, तर गाडी विकताना तो पुन्हा जागेवर बसवता येतो.