कापसाच्या घरातला संगणक

मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या जाळीत कुटार अडकले म्हणजे काय होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. वारा आत जात नाही, रेडिएटरमधले पाणी तापते आणि काटा लाल खुणेकडे सरकू लागतो. अशा वेळी जाणता माणूस इंजिन गेले म्हणून कपाळाला हात लावत नाही, आधी जाळी झाडतो. तुमच्या घरात मुलांसाठी संगणक घेतलेला असेल, तर त्यातही अशीच एक जाळी आहे. ती पेटीच्या आत असते आणि दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षे कोणी झाडत नाही, एवढाच फरक.

मागे एकदा मे महिन्यात मी वरवट बकालला गेलो होतो. गुलाबी बोंडअळीचा फेरा तोडायचा तर जूनच्या आधी कापूस लावू नका, हे सांगण्यासाठी बैठक होती. बैठक आटोपल्यावर एका घरी चहाला बोलावले. घरातली मुलगी बारावी झालेली, प्रवेशाचा अर्ज भरायला संगणकापुढे बसलेली. दहा मिनिटे झाली की यंत्र आपोआप बंद. थोडे थांबून पुन्हा चालू करावे, की पुन्हा बंद. अर्जाची मुदत दोन दिवसांवर आलेली, त्यामुळे पोर रडकुंडीला आली होती. वडील म्हणाले, "मेकॅनिक येऊन गेला, साहेब. बोर्ड गेला म्हणते, नवाच घ्या म्हणते. बियाण्यासाठी ठेवेल पैसे याच्यातच जातीन आता."

मी बी. एस्सी. कृषी झालेला माणूस, संगणकाचा इंजिनिअर नव्हे. पण पेटीच्या मागच्या जाळीला हात लावला, तर ती चटका बसावा इतकी तापलेली. शेजारच्याच खोलीत फेब्रुवारीपर्यंत कापसाची गंजी होती, हेही चहा पिताना बोलण्यात आले होते. मग पेचकस मागवला.

पेटी उघडल्यावर पंख्याखाली जे निघाले त्याला धूळ म्हणवत नव्हते. चांगला बोटभर जाड, नमद्यासारखा दाबून बसलेला थर होता. त्यात कापसाचे तंतू, काळ्या मातीची भुकटी आणि चुलीच्या धुराचा चिकटा असे सगळे एकजीव झालेले. तो काढला, पेटी लावली, आणि संध्याकाळपर्यंत अर्ज भरून झाला. बोर्ड शाबूत होता.

हे का होते ते नीट समजून घ्या. संगणकाचे सगळे हिशेब प्रोसेसर नावाच्या लहानशा चकतीत होतात आणि ते होताना ती तापते. तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो, त्याला हीटसिंक म्हणतात. चकतीची उष्णता पट्ट्यांत जाते आणि वरचा पंखा ती वाऱ्याने उडवून लावतो. पट्ट्यांमधल्या फटी बुजल्या की पंखा फिरत राहतो, पण वारा पट्ट्यांपर्यंत पोहोचतच नाही. बहुतेक प्रोसेसर आतून ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की आधी आपला वेग कमी करतात, आणि तरीही ताप वाढला तर जळू नये म्हणून यंत्र बंद पाडतात. म्हणजे त्या मुलीचा संगणक बिघडला नव्हता, उलट तो स्वतःला वाचवत होता.

आता हे नेमके मे महिन्यातच का, असे तुम्ही विचाराल. पंखा आत घेतो तो खोलीतलाच वारा. खोली ४२ अंशांवर असेल तर आतली कोणतीही वस्तू त्याहून थंड होणार नाही. थंडीत हीच घाण यंत्राने सोसलेली असते, कारण वारा गार असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर गेला की ती सोसवत नाही. बिघाड दिसतो वैशाखात, पण तो घरात आलेला असतो वेचणीच्या दिवसांत. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला. पुढच्या वर्षी त्याच भावाच्या आशेने कितीतरी घरांनी माल विकलाच नाही, माजघरात नि ओसरीत ठेवला. त्या कापसाने माणसांच्या अंगाला खाज सुटली हे सगळ्यांना आठवते. संगणकाने किती कापूस गिळला, हे कोणी पाहिले नाही.

तेव्हा सफाई केव्हा करायची हे आपल्या कामांच्या हिशेबानेच ठरवा. कापूस घरातून गेला आणि हरभऱ्याची मळणी उरकली, की होळीच्या सुमारास एकदा. दुसऱ्यांदा सोयाबीनचे मशीन गावातून गेल्यावर, दिवाळीच्या आवराआवरीत.

काम तासाभराचे आहे, पण घाईचे नाही. आधी संगणक रीतसर बंद करावा आणि पिन भिंतीतून काढावी. नुसते बटण बंद करून भागत नाही. पिन काढल्यावर चालू करण्याचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे बोर्डावर उरलीसुरली वीज निघून जाते. पेटी ओसरीवर आणावी, नाकातोंडाला रुमाल बांधावा. मागचे दोन स्क्रू काढले की बाजूचा पत्रा सरकतो. आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या उघड्या लोखंडाला एकदा हात लावावा. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत अंगावर साठलेली वीज नाजूक भागांना मारक ठरते.

रंगकामाचा इंचभर रुंदीचा, मऊ आणि कोरडा ब्रश घ्यावा. पंख्याचे पाते बोटाने अडवून धरावे आणि पट्ट्यांमधला थर हलकेच सैल करावा. मग सायकलच्या पंपाने थोडाथोडा वारा मारावा. पाते मोकळे सोडले तर वाऱ्याने ते भलत्याच वेगाने फिरून पंखा खराब होतो. तोंडाने किंवा फुंकणीने फुंकू नये, थुंकीची ओल आत जाते. मी स्वतः ऑफिसात एकदा हा उद्योग केला आणि दिवसभर डोळे चोळत बसलो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा मोह होतो, पण त्याच्या टाकीत पाणी आणि तेल असते, शिवाय जोरही फार. फवारणी पंपाचे तर नावच काढू नका. ओले फडकेही आत नको.

हीटसिंक मात्र उपसून काढू नये. तिच्याखाली उष्णता वाहून नेणारा लेपाचा पातळ थर असतो. ती उचलली की तो तुटतो आणि जुना पुसून नवा लावावाच लागतो. ते काम जाणकाराचे. आणखी एक पेटी आत दिसेल, जिच्यात विजेची वायर जाते. ती कधीही उघडू नका. पिन काढल्यावरही तिच्यात झटका देण्याइतकी वीज साठून राहते. तिच्या जाळीवरून बाहेरून ब्रश फिरवला म्हणजे पुरे.

जागेचाही विचार व्हावा. पेटी जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवावी, मागे वीतभर मोकळी जागा सोडावी. कपाटात कोंबून दार लावू नये. आमच्या माताभगिनी हौसेने विणलेले कव्हर घालतात. ते धुळीपासून राखण करते खरे, पण यंत्र चालू करताना काढलेच पाहिजे. कूलरचा झोत थेट पेटीवर घेऊ नये. त्या ओल्या वाऱ्याने आतल्या धुळीचा चिखल होतो. आणि कापसाची गंजी असलेल्या खोलीत संगणक नकोच. तिथे धुळीपेक्षा मोठी भीती वायरच्या ठिणगीची आहे.

लॅपटॉप असेल तर तो गादीवर किंवा गोधडीवर ठेवून चालवू नये, खालच्या फटी बुजतात. पाट घ्यावा. बंद करून त्या फटींतून पंपाचे हलके झोत द्यावेत, तळ उघडू नये.

एवढे करूनही यंत्र बंद पडत असेल तर पंखा फिरतो का ते पाहा. फिरत नसेल तर अख्खा संगणक नको, फक्त पंखा बदला. पंखा ठीक असेल तर लेप वाळला असेल किंवा लाइनचा दाब कमी असेल. तेव्हा मेकॅनिकला बोलवा, पण पेटी तुमच्या डोळ्यांसमोर उघडायला सांगा आणि काय गेले ते बोटाने दाखवायला लावा. यंत्र हमीत असेल आणि स्क्रूवर दुकानाची चिकटपट्टी असेल, तर ती फाडण्याआधी दुकानात विचारून घ्या.