घाटमाथ्याची बेगमी

हिमवर्षावात महिनोन्महिने कोंडल्या जाणाऱ्या परदेशी घरांविषयी आपण कौतुकाने वाचतो. मुळशीच्या पश्चिम अंगाची घरेही अशीच कोंडली जात. फक्त बर्फाऐवजी पावसाने. पुणे शहरात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलीमीटर पाऊस पडतो, ताम्हिणीत तो सहा हजारांपुढे जातो. २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत तिथे साडेपाचशे मिलीमीटरहून अधिक पडला. मी राहतो ते महाळुंगे तालुक्याच्या पूर्व टोकाला, २०२१ साली पुणे महापालिकेत गेलेले. इथला पाऊस बेताचा. मुळेला पूर येतो तो वरच्या पावसाचा, म्हणून मी वरच्या वाड्यांतून हिंडून टिपणे करू लागलो.

‘बेगमी’ हा शब्द फारसीतला. बे-गम, म्हणजे काळजी नसणे. पण बेगमी म्हणजे नुसता साठा असे आपण समजतो, ते अपुरे आहे. धान्य साठवणे सोपे. चार महिने कोरडे ठेवणे अवघड. सगळी तयारी ओलीविरुद्ध होती.

आधी छप्पर. मृग लागतो ७-८ जूनला, त्याआधी शाकारणी उरकायची: कौले उतरवायची, झाडायची, फुटकी बदलून पुन्हा बसवायची. गवती छपरावर नवा थर. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून त्या अंगाच्या कुडाला बाहेरून पेंढ्याचे किंवा गवताचे आडोसे बांधायचे. कूड कारवीच्या काठ्यांचा, वरून शेणमातीचा लेप. (कारवी सात-आठ वर्षांनी फुलते हे आता पर्यटकांना पाठ असते, तिच्यावर घरे उभी होती हे कुणी विचारत नाही.)

भात कणगीत तुसासकट ठेवत, कारण तुसामुळे कीड कमी लागते. मात्र ओलावलेले भात कांडले की कणी फार पडते. त्यामुळे आषाढ-श्रावणापुरता तांदूळ वैशाखाच्या उन्हातच कांडून ठेवायचा. काकडी-दोडक्याचे बी राखेत. मीठ आणि सुकट मात्र विकत, कोकणातून आलेले; संपूर्ण स्वयंपूर्ण घर मला कुठेच आढळले नाही.

जळणाचा हिशेब सर्वांत नाजूक. भाताच्या रोपांसाठी राब भाजायला फांद्या, पाला, शेण लागे आणि चुलीलाही तेच. जे राबाला गेले ते पावसात चुलीला कमी. गोवऱ्यांचा हुडवा झाकून ठेवायचा, लाकडे माळ्यावर. चुलीचा धूर माळ्यातून कौलांच्या फटींतून बाहेर पडे आणि जाता जाता वासे, लाकडे, टांगलेले बियाणे सुकवून जाई. घर वाळवण्याचे यंत्र म्हणजे हा धूर. गॅस आला तसा धूर गेला आणि जुन्या वाशांना कीड लागू लागली. तरीही धुराबद्दल हळहळणे मला पटत नाही. त्याची किंमत बायकांच्या डोळ्यांनी आणि छातीने मोजली होती.

आणखी एक गोष्ट बेगमीच्या गोड आठवणींत सांगितली जात नाही. कणगी भरायला आधी जमीन लागते. पाऊस लागला की वीटभट्ट्या बंद होतात. भट्टीवर राबलेली कातकरी कुटुंबे रिकाम्या हाताने परततात आणि पावसाळा काढायला पुढच्या हंगामाची उचल घेतात. एका घराची बेगमी शिल्लक धान्याची, दुसऱ्याची पुढच्या वर्षीच्या श्रमांची. धरणाने तर कणग्या असलेली घरेही नेली. १९२१ साली मुळशी सत्याग्रह सुरू झाला, तो याच पाणलोटातल्या गावांसाठी.

आता वरच्या वाड्यांत पत्रे आले आहेत. शाकारणीला छपरावर दोघे आणि कौले द्यायला खाली एक लागतो. तरणी माणसे हिंजवडीला कामाला. पत्रा वर्षानुवर्षे हलवावा लागत नाही, हे त्याचे खरे कारण. शेजारी नवे बंगले उभे आहेत, सपाट स्लॅबचे. झाडे पडून वीज गेली की बोअरचा पंप थांबतो, आणि सहा मीटर पावसाच्या गावात पाण्याचे कॅन मागवले जातात.

अशाच एका वाडीत, एकट्या राहणाऱ्या आजींच्या घरी, चुलीमागच्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी पत्र्याचा डबा पाहिला. आत रक्तदाबाच्या गोळ्या, तीन महिन्यांच्या, रोहिणीतच पौडहून आणून ठेवलेल्या. डब्यात तळाशी कोरडी राख होती.