गाण्याची नाममुद्रा

‘आप जैसा कोई’ हे गाणं कुणाचं? प्रश्न साधा आहे, पण घरात चार माणसं असतील तर चार उत्तरं येतील. कुणी म्हणेल, झीनत अमानचं. कुणी म्हणेल, नाझिया हसनचं. कॉलेजात जाणारी मुलगी म्हणेल, मलायका अरोराचं. ज्याला पडद्यामागची थोडी माहिती आहे तो म्हणेल, बिद्दूचं. चारही उत्तरं आपापल्या परीनं बरोबर आहेत. मात्र ज्यांनी या गाण्याचे शब्द लिहिले त्या इंदीवर यांचं नाव बहुधा कुणीच घेणार नाही. मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे ही गोष्ट मला जरा लागते. जुनं गाणं नव्यानं करतात तेव्हा त्यात काय टिकतं आणि काय गळून पडतं, हे आज या एका गाण्याच्या निमित्तानं पाहू.

गाणं आहे १९८० सालच्या ‘कुर्बानी’ चित्रपटातलं. निर्माते आणि दिग्दर्शक फिरोज खान. चित्रपटाचं संगीत कल्याणजी-आनंदजी यांचं, पण हे एक गाणं मात्र बाहेरून आलं, तेही थेट लंडनहून. ते केलं बिद्दू यांनी. मूळचे बंगळूरचे बिद्दू साठच्या दशकात इंग्लंडला गेले आणि तिथे संगीत निर्माते झाले. कार्ल डग्लस यांनी गायलेलं ‘कुंग फू फायटिंग’ हे १९७४ सालचं गाणं त्यांचंच. ते ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं होतं. गंमत म्हणजे ते तबकडीच्या मागच्या बाजूला टाकायचं म्हणून घाईघाईत उरकलेलं गाणं होतं!

गायिका होती नाझिया हसन. जन्म कराचीचा, १९६५ सालचा. बालपण कराची आणि लंडन या दोन शहरांत गेलेलं. लंडनमधल्या एका मेजवानीत फिरोज खान यांची तिच्याशी गाठ पडली आणि त्यांनी तिला बिद्दू यांच्याकडे पाठवलं. गाणं झालं तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. १९८१ साली याच गाण्यासाठी तिला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचं ‘फिल्मफेअर’ मिळालं.

आता डिस्को म्हणजे काय, तेही थोडक्यात सांगतो. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कसारख्या शहरांतल्या नाचघरांमध्ये, मुख्यतः कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी तरुणांच्या मेळ्यात हे संगीत वाढलं. त्याचं व्याकरण सोपं आहे. चार मात्रांचं आवर्तन आणि प्रत्येक मात्रेवर मोठ्या ड्रमचा सारखाच ठोका, मिनिटाला साधारण एकशेवीस. आपल्या केरव्यात लचक असते, वजन कमी-जास्त होतं. डिस्कोचा ठोका मात्र कुणालाच झुकतं माप देत नाही. ज्याला नाचता येत नाही त्यालाही तो पाय उचलायला लावतो. १९७७ च्या ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ या चित्रपटानं डिस्को जगभर नेला. पण १९७९ च्या जुलैमध्ये शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटानं उडवून देण्यात आला. अमेरिकेत ओहोटी लागत असताना आपल्याकडे भरती आली. १९८० मध्ये ‘कुर्बानी’ आणि ‘कर्ज’, १९८२ मध्ये ‘डिस्को डान्सर’.

पण ‘आप जैसा कोई’ केवळ ठोक्यामुळे चाललं असं मला वाटत नाही. ते चाललं आवाजामुळे. प्रसंग आहे क्लबमधला, पडद्यावर झीनत अमान. अशा जागी हिंदी चित्रपटात तोवर एक ठरलेला आवाज असे: मुरलेला, खट्याळ, आपण काय करतो आहोत हे पुरतं ठाऊक असलेला. इथे आला एका मुलीचा आवाज. किंचित नाकातला, हरकती-मुरक्या नसलेला, जवळजवळ निर्विकार. बिद्दू यांनी लंडनच्या स्टुडिओत त्याच आवाजाचे थर एकावर एक चढवले. त्यामुळे ती एकटीही वाटते आणि स्वतःच्याच सोबतीला उभी असल्यासारखीही वाटते.

आणि शब्द? ते इंदीवर यांचे. झाशीकडचा हा कवी. ‘सरस्वतीचंद्र’मधली शुद्ध, संस्कृत वळणाची गाणी ज्यांनी लिहिली तेच हे. डिस्कोच्या ठोक्यात लांब समास बसत नाहीत, अलंकार बसत नाहीत. म्हणून इंदीवर यांनी बोलण्यातलेच शब्द घेतले. मुखड्यात अवघड असा एक शब्द नाही, आणि समोरच्याला ‘आप’ म्हटलं आहे. क्लबमधल्या गाण्यात ‘तू’ नाही, ‘तुम’ नाही, ‘आप’! त्या एका आदरार्थी शब्दानं गाण्याचा तोल सांभाळला आहे. तो शब्द आणि तो कोवळा आवाज एकत्र आले म्हणून गाण्यात आर्जव आहे, पण सवंगपणा नाही. लिहिणाऱ्यालाच कळावं असं हे कसब आहे, आणि म्हणूनच ते कुणाच्या ध्यानात राहत नाही.

त्या वेळी मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आमच्या तालुक्याच्या गावात हे गाणं प्रथम वरातीत ऐकलं, बँडवाल्यांकडून. क्लॅरिनेटवर मुखडा आणि खाली ढोल-ताशा. शब्द नाहीत, नाझिया नाही, लंडनचा स्टुडिओ नाही, तरी गाणं ओळखू येत होतं. आज विचार करतो तेव्हा वाटतं, या गाण्याचं मी ऐकलेलं पहिलं कव्हर ते. गाणं म्हणजे शब्द, चाल, आवाज आणि वाद्यमेळ. यातलं काहीतरी ठेवायचं आणि बाकीचं बदलायचं, म्हणजे कव्हर. बँडवाल्यांनी फक्त चाल ठेवली होती.

पुढे या गाण्याची अधिकृत नवी आवृत्ती आली ती २०२२ च्या ‘अ‍ॅन अ‍ॅक्शन हीरो’ चित्रपटात. ती तनिष्क बागची यांनी केली. गायले झहरा एस. खान आणि अल्तमश फरीदी, पडद्यावर मलायका अरोरा आणि आयुष्मान खुराना. मुखडा तोच, पण ध्वनी आजच्या पार्टीचा आणि सोबतीला पुरुषाचा आवाज. गायिका तयारीची आहे, तिच्या गाण्यात खोट काढायला जागा नाही. पण प्रसंग क्लबचा आणि आवाजही क्लबला शोभेलसा, म्हणजे सगळं जिथल्या तिथे. मूळ गाण्यातली मजा होती ती आवाज आणि प्रसंग यांच्या विजोडपणात. नव्या गाण्यात तो विजोडपणा उरला नाही. माझी पसंती मूळ गाण्याला, पण नवं ऐकून कुणाचे पाय थिरकले तर त्यात मला गुन्हा दिसत नाही.

याच नाझियाचं दुसरं गाणं वेगळ्या रीतीनं परत आलं. ‘डिस्को दीवाने’ हा तिचा आणि तिचा भाऊ जोहेब यांचा १९८१ सालचा अल्बम, संगीत पुन्हा बिद्दू यांचं. त्याचं शीर्षकगीत २०१२ मध्ये ‘स्टुडंट ऑफ द इयर’साठी विशाल-शेखर यांनी नव्यानं केलं. सुनिधी चौहान आणि बेनी दयाल गायले, पण त्यांच्याबरोबर मूळ ध्वनिमुद्रणातला नाझियाचा आवाजही ठेवला आणि श्रेयनामावलीत तिचं नाव दिलं. नाझिया २००० साली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, कर्करोगानं गेली होती. बारा वर्षांनी तिचा आवाज नव्या मुलांच्या नाचात मिसळला. ऐकताना आनंद होतो आणि थोडं चमत्कारिकही वाटतं, कारण या आवाजाला कुणी ‘येतेस का?’ असं विचारू शकलं नव्हतं. पण नाव दिलं, ही जमेची बाजू.

हे तीन प्रकार आपण एकाच शब्दात गुंडाळतो, म्हणून नीट वेगळे करून सांगतो. कव्हर म्हणजे तेच शब्द, तीच चाल, पण दुसऱ्यानं नव्यानं गायलेली. रिमिक्स म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणालाच नवा ठोका जोडणं, वेग वाढवणं. आणि हल्ली ज्याला रीक्रिएशन म्हणतात त्यात मुखडा जुना, अंतरे आणि वाद्यमेळ नवे. २०१७ च्या ‘रईस’मध्ये ‘कुर्बानी’चंच दुसरं गाणं, ‘लैला’चं, असंच आलं. तिथे इंदीवर यांच्या शब्दांत जावेद अख्तर यांनी भर घातली.

यामागे कायद्याचीही एक गोष्ट आहे. ऐंशीच्या दशकात ज्यांनी कॅसेटी विकत घेतल्या त्यांना आठवत असेल, रफी-मुकेश-किशोर यांची गाणी नव्या गायकांच्या आवाजात स्वस्तात मिळत. त्या वेळच्या कायद्यानं दोन वर्षांनंतर ठरावीक मानधन भरून गाणं पुन्हा मुद्रित करायला मुभा होती. त्यातून कितीतरी नवे गायक उभे राहिले, हेही खरं. २०१२ च्या दुरुस्तीनं ती मुदत पाच वर्षांची केली. अशा कव्हरच्या वेष्टनावर ‘हे कव्हर आहे’ असं लिहिणं सक्तीचं केलं. आणि गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ नये म्हणून वेष्टनावर मूळ गायकाचं नाव किंवा चित्र छापायला मनाई केली. हेतू चांगला आहे. पण परिणाम पाहा: ज्याच्यामुळे गाणं लोकांना ठाऊक झालं त्याचंच नाव तिथे नको! चित्रपटातल्या नव्या आवृत्त्या मात्र या वाटेनं येत नाहीत. तिथे निर्माता हक्कदार कंपनीशी थेट करार करतो आणि श्रेय कसं द्यायचं ते त्या करारात ठरतं. त्याच दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा असा बांधून दिला, की तो त्यांना निर्मात्याला लिहून देता येऊ नये. राज्यसभेत त्यासाठी जावेद अख्तर यांनी बाजू मांडली. आपलं नाव लावून घेण्याचा आणि गाण्याची मोडतोड रोखण्याचा हक्क गायकालाही मिळाला.

म्हणजे पैशांचं काही प्रमाणात मार्गी लागलं. नावाचं अजून लागलेलं नाही.

आमच्या मुशायऱ्यात एक जुनी रीत आहे. तरही मुशायरा म्हणतात त्याला. कुणा उस्तादाची एक ओळ आधी जाहीर करतात आणि तिच्याच वृत्तात, तिच्याच काफिया-रदीफमध्ये प्रत्येक कवीनं आपली गझल लिहून आणायची. ती ओळही आपल्या एखाद्या शेरात गुंफायची. खरं तर हे काव्यातलं कव्हरच. पण तिथे चोरीची भावना नसते, कारण ओळ कुणाची हे सभेला आधीच सांगितलेलं असतं. उलट उस्तादाच्या ओळीशेजारी आपली ओळ टिकते का, याचीच कसोटी लागते.

आपल्या संतांनी तर याहून पक्की व्यवस्था केली. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा. तो अभंग कुठल्याही चालीत गा, पंढरीच्या वाटेवर गा की मैफलीत गा, शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’ येणारच. श्रीगोंद्याचे शेख महंमद असोत की जनाबाई असोत, चाल बदलली, गाणारा बदलला, शतकं बदलली, तरी नाव गाण्याबरोबर चालत आलं. गझलेच्या मक्त्यात शायराचं टोपणनाव येतं, तेही याचसाठी. नाव जणू कापडाच्या काठातच विणून टाकलं आहे, ते उसवता येत नाही.

चित्रपटगीताला असा चरण नसतो. ‘इंदीवर म्हणे’ असं कुठल्या अंतऱ्यात येणार? म्हणून गाणं एका हातातून दुसऱ्या हातात गेलं की पहिला हात पुसला जातो. आता मोबाइलवर गाण्याचं नाव टाकलं की जुनं आणि नवं शेजारी शेजारी येतात, आणि त्यात पुढे असतो तो पडद्यावरचा चेहरा.

रेडिओनं हे काम वर्षानुवर्षं बिनबोभाट केलं. गाणं लावण्याआधी निवेदक चित्रपटाचं नाव सांगतो, गायक सांगतो, गीतकार सांगतो, संगीतकार सांगतो. आपल्याला वाटतं, किती हा कंटाळवाणा पाढा, एकदाचं गाणं लावा! पण तो पाढा म्हणजेच चित्रपटगीताची नाममुद्रा. फक्त ती शेवटच्या चरणाऐवजी सुरुवातीला येते आणि गाण्यात न येता निवेदकाच्या तोंडी येते.

जुनी गाणी नव्यानं यावीत. अभंगांनाही नव्या चाली लागल्याच ना? न गायलेलं गाणं लवकर मरतं, गायलेलं बदलतं पण जगतं. माझं मागणं एवढंच आहे. पुढच्या वेळी घरातलं पोर एखाद्या नव्या गाण्यावर नाचू लागलं, आणि ते जुनंच गाणं आहे हे आपल्याला ठाऊक असलं, तर ‘आमच्या वेळचं खरं’ म्हणून त्याचा हिरमोड करू नका. त्याला नाचू द्या. आणि दम खायला बसेल तेव्हा चार नावं सांगा: लिहिलं कुणी, चाल कुणाची, आधी गायलं कोणी, आणि आता कोण गातंय.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)