सुरजागडची धूळ, आरमोरीचा कोसा

सुरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज, म्हणजे हेमेटाइट, ढेकळाच्या रूपात काळपट, करडं आणि जड असतं. एटापल्लीच्या वाटेवर झाडांच्या पानांवर बसणारी त्याचीच धूळ मात्र तांबडी. दोन्हींत तेच लोह, तोच ऑक्सिजन. फरक पडला तो कण बारीक झाल्याने. ही धूळ अजून मायक्रॉनच्या घरातली आहे, नॅनो नव्हे. पण पदार्थ कशाचा बनलाय एवढ्यावरच त्याचे गुण ठरत नाहीत, हे ती सांगून जाते.

मिलिमीटरचे 10 लाख भाग केले की एक भाग नॅनोमीटरचा. साधारण 1 ते 100 नॅनोमीटर हा नॅनोविज्ञानाचा प्रांत. तिथे सगळ्यात आधी पृष्ठभाग वाढतो. एक सेंटिमीटरच्या घनाचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर. त्याचे एकेक नॅनोमीटरचे घन केले, तर सगळ्यांचा मिळून 6,000 चौरस मीटर होतो. धानाच्या बांध्या मोजल्या तर जवळजवळ दीड एकर! पृष्ठभागावरच्या अणूंना बाहेरच्या बाजूला शेजारी नसतात, म्हणून ते इतरांशी जुळायला अधीर असतात. लोखंडाची अतिसूक्ष्म पूड हवेत आपोआप पेट घेते ती यामुळेच. चंद्रपूरच्या 2,920 मेगावॉटच्या औष्णिक केंद्रात कोळसा भट्टीत जाण्याआधी पिठासारखा दळतात, त्यामागेही पृष्ठभागाचंच गणित आहे. सोनं 1,064 अंश सेल्सिअसला वितळतं, पण दोन-तीन नॅनोमीटरचे सुवर्णकण त्याच्या काहीशे अंश आधीच पाघळतात.

इतक्या लहान जागेत कोंडलेले इलेक्ट्रॉनही वेगळे वागतात. कॅडमियम सेलेनाइडचे मोठे कण तांबडे, तर लहान कण निळसर प्रकाश देतात. अशा ‘क्वांटम डॉट्स’साठी बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना 2023चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मोरपिसाचा रंग मात्र नुसत्या रचनेचा खेळ आहे. ताडोब्यातल्या मोराच्या पिसात निळं किंवा हिरवं रंगद्रव्य नसतंच. असतं ते काळपट-तपकिरी मेलॅनिन. त्याच्या बारीक कांड्या सुमारे 140 ते 165 नॅनोमीटर अंतराने जाळीसारख्या रचलेल्या असतात. अंतर थोडं वाढलं की निळ्याचं हिरवं, आणखी वाढलं की पिवळं. पीस कुटून जाळी मोडली, तर हाती तपकिरी भुकटी उरेल.

माझ्या मते या मुलखातलं सगळ्यात मोलाचं उदाहरण कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं आहे. आरमोरीकडचे ढिवर ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या पाळतात, पाखरांपासून राखतात. कोसा इतका टणक की सोड्याच्या पाण्यात उकळल्याशिवाय धागा सुटत नाही. धाग्यातल्या प्रथिनाच्या साखळ्या जागोजागी घडी पडून काही नॅनोमीटरचे स्फटिक बनवतात. मधला भाग सैल राहतो आणि ताण सोसतो. नवल असं की स्फटिकांना बांधणारे हायड्रोजन बंध एकेकटे अगदी दुबळे. एमआयटीतल्या मार्कस ब्युलर यांच्या गटाने 2010 मध्ये संगणकी प्रतिरूपांवरून दाखवलं, की स्फटिक काही नॅनोमीटरपुरतेच राहिले, तर हे बंध एकदम जोर लावतात. मोठे झाले, तर एकामागून एक तुटत जातात. म्हणजे इथे बळकटी लहानपणातच आहे. आपण पोलाद करायला दीड हजार अंशांच्या वरची भट्टी पेटवतो, ती अळी ऐनाचा पाला खाऊन हे काम झाडावरच उरकते.

पाल्याची किमया पुण्यातही दिसली. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्कात सुवर्णक्षाराचं द्रावण मिसळून सोन्याच्या त्रिकोणी नॅनोचकत्या घडवल्या. ते काम 2004 मध्ये प्रसिद्ध झालं. सोन्याचे गोल नॅनोकण पाण्यात माणकासारखे लाल दिसतात, हे फॅरेडेने 1857 मध्येच दाखवलं होतं. या त्रिकोणी चकत्या मात्र डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश शोषतात. धातू तोच, रूप बदललं.

बाजारात ‘नॅनो’ हा शब्द फार उधळला जातो, हेही सांगायला हवं. इफ्कोने 2021 मध्ये द्रवरूप नॅनो युरिया विकायला काढला. अर्ध्या लिटरची बाटली 45 किलोच्या पोत्याची जागा घेईल, असा दावा. पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत मात्र नेहमीच्या खताच्या तुलनेत भात आणि गहू दोन्हींचं उत्पादन घटलं. कण बारीक झाला म्हणून नायट्रोजनचं वजन वाढत नाही, आणि धानाच्या पिकाला नायट्रोजन किलोंनी लागतो.