४५ बाइटांचा मुखत्यार

इथेरियम या ब्लॉकचेनच्या दप्तरी जो स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (आपोआप चालणारा प्रोग्राम) एकदा दाखल होतो, त्याच्या कोडच्या प्रत्येक बाइटापोटी २०० गॅस, म्हणजे तेथील शुल्काची एकके, भरावा लागतो, आणि निर्मितीचा ३२,००० गॅस त्याहून निराळा. म्हणजे कमाल मर्यादेइतका, २४,५७६ बाइटांचा कोड नोंदवावयाचा झाल्यास केवळ साठवणुकीतच ४९ लाखांहून अधिक गॅस खर्ची पडतो. एकाच धर्तीची शेकडो वॉलेट उभारताना तोच मजकूर दर वेळी अथपासून इतीपर्यंत पुन्हा लिहिणे ही उघड उधळपट्टी होय.

पीटर मरे, नेट वेल्श आणि जो मेसरमन यांनी २०१८ साली ईआयपी-११६७ या प्रस्तावात या उधळपट्टीवर जो उपाय मांडला, तो त्याच्या मितव्ययामुळे मला विलक्षण सुंदर वाटतो. मूळ कोड एकदाच नोंदवावयाचा; पुढे फॅक्टरी नावाचा कॉन्ट्रॅक्ट मागणीबरहुकूम अवघ्या ४५ बाइटांचे क्लोन निर्माण करीत जातो. त्यांपैकी २० बाइटांत मूळ कॉन्ट्रॅक्टचा पत्ता असतो, आणि आलेली विनंती जशीच्या तशी मुळाकडे सोपवून तिचे उत्तर किंवा नकार तसाच परत करण्याचे सारे कार्य उरलेल्या २५ बाइटांत सामावते. हे सोपविणे डेलिगेटकॉल या आज्ञेने घडते, आणि तिचे मर्म असे की विधी चालतो तो मुळाचा, परंतु शिल्लक, मालकी आणि नोंदी राहतात त्या क्लोनच्याच. क्लोनच्या कोडची साठवणूक ९,००० गॅसमध्ये भागते. त्याच वर्षी नोव्हेंबरात सुरू झालेल्या युनिस्वॉप या टोकन-विनिमय मंचाच्या पहिल्या आवृत्तीने प्रत्येक टोकनाचा बाजार अशाच रीतीने उभारला. २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र टोकनांच्या प्रत्येक जोडीच्या बाजाराचा संपूर्ण कोड नोंदविला जाऊ लागला. या बचतीची किंमत अशी की क्लोन वापरताना प्रत्येक व्यवहारात मुळाकडे जाण्याचा गॅस द्यावाच लागतो, आणि २०२१ पासून त्या पहिल्या फेरीचा दर २,६०० आहे. तेव्हा ज्या कॉन्ट्रॅक्टवर अहोरात्र वर्दळ असते, तेथे आरंभीची बचत कालांतराने विरून जाते.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. मुळाच्या निर्मितीच्या वेळी जो कन्स्ट्रक्टर (प्रारंभिक मांडणीचा कोड) चालतो, तो क्लोनसाठी चालत नाही. म्हणून मालक ठरविणारे फंक्शन वेगळे ठेवावे लागते, आणि फॅक्टरीने क्लोन निर्माण करताच, त्याच व्यवहारात, ते चालविले नाही तर कोणीही तिऱ्हाईत मालक होऊन बसतो. मुळालाही हाच धोका असतो. हा प्रस्ताव येण्यापूर्वी, २०१७ च्या नोव्हेंबरात, पॅरिटी या कंपनीची अनेक वॉलेट ज्या एका सामायिक लायब्ररीवर विसंबून होती, तिचा स्वतःचा मालक कधी ठरविलाच गेला नव्हता. एकाने ते स्वामित्व घेतले, नाशाची आज्ञा दिली, आणि ५८७ वॉलेटांतील पाच लाखांहून अधिक ईथर एकाएकी अडकून पडले. चोरी कोणाचीच झाली नाही, तरी मालकांच्या हाती काही उरले नाही.

मार्च २०२४ मध्ये इथेरियमने ती नाशाची आज्ञा बहुतांशी निष्प्रभ केली. तरीही मुळाच्या कन्स्ट्रक्टरमध्येच मालकी घेण्याचा मार्ग कायमचा बंद करण्याची जी सोय ओपनझेपेलिनच्या तयार कोडच्या लायब्ररीत आहे, ती वापरल्यावाचून फॅक्टरी चालू करणे मी अक्षम्य समजतो. कारण मुळाचा कोड प्रत्येक क्लोनच्या मालमत्तेवर हुकूम चालवितो, आणि ४५ बाइटांच्या त्या मुखत्याराला आपला पत्ता मागाहून बदलता येत नाही.