एका छत्रीचे गीत आणि अनेकांचे हात

कोसळणारा पाऊस, रस्त्याच्या कडेला चहाची किटली, एकच छत्री आणि ती संकोचाने एकमेकांकडे सरकविणारे दोन प्रेमी! 'श्री ४२०' (१९५५) या चित्रपटातील हे दृश्य भारताच्या कोणत्या प्रांतात ठाऊक नाही? राज कपूर आणि नर्गिस यांच्यावर चित्रित झालेले 'प्यार हुआ इकरार हुआ' हे गीत सात दशके लोटल्यावरही घराघरांत ऐकू येते. लता मंगेशकर व मन्ना डे हे त्याचे गायक, शैलेंद्र हे कवी आणि शंकर-जयकिशन हे संगीतकार, एवढे बहुतेक रसिक सांगू शकतात. परंतु एक कडवे संपून दुसरे सुरू होईपर्यंत जे आपले मन धरून ठेवतात, त्या वादकांची आठवण कितीजणांना असते?

या गीताचे गणगोत देशभर पसरलेले आहे. शंकर हे हैदराबादचे तबलावादक, तर जयकिशन हे गुजरातेतील वांसद्याचे हार्मोनियमवादक. पृथ्वी थिएटरमध्ये दोघांची जोडी जमली आणि 'बरसात' (१९४९) या चित्रपटाने ती नावारूपाला आली. शैलेंद्र मुंबईत रेल्वेच्या कारखान्यात नोकरी करीत होते. लताबाईंचा जन्म इंदूरचा, मन्ना डे कलकत्त्याचे. असे सांगतात, की या गीतातील दिशांच्या संख्येवरून वाद झाला. सामान्य श्रोत्याला चारच दिशा ठाऊक, असे संगीतकाराचे म्हणणे होते. शैलेंद्र मात्र दहा दिशांवर अडून राहिले. शेवटी कवीचे म्हणणे खरे झाले.

चाल पेटी-तबल्यावर तयार होई. पण अनेक वाद्यांच्या ताफ्याने ती वाजवावयाची, तर प्रत्येक वादकाने काय वाजवावे हे कागदावर लिहावे लागे. हे काम शंकर-जयकिशन यांच्याकडे दीर्घ काळ सेबॅस्टियन डिसोझा यांनी केले. ते गोव्याचे. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होता आणि तेथील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना व्हायोलिनबरोबर पाश्चात्त्य स्वरलिपीही शिकविली जाई. त्यामुळे मुंबईच्या चित्रपटसृष्टीला लिहिलेले संगीत वाचून वाजविणारे वादक मोठ्या संख्येने गोव्यातूनच मिळाले. सेबॅस्टियन फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात वाद्यवृंद चालवीत. पुढे ते मुंबईस आले. गाणाऱ्याचा स्वर झाकू न देता त्याच्या सोबतीने व्हायोलिनवर दुसरी सुरावट चालविण्यात त्यांचा हातखंडा होता. तालाची बाजू दत्ताराम वाडकर सांभाळीत. तेही मूळचे गोव्याचेच. ढोलकीवरील त्यांचा ठेका वादकांत 'दत्ताराम ठेका' या नावानेच ओळखला गेला.

या दोघांची नावे पडद्यावर 'सहायक' म्हणून तरी झळकत. इतर वादकांचे तेवढेही भाग्य नव्हते. तबकडीवर गायक, कवी व संगीतकार यांची नावे छापली जात. व्हायोलिन, मेंडोलिन वा अॅकॉर्डियन कोणी वाजविले, ते नव्हे. ध्वनिमुद्रण आटोपले, की स्वरलेखनाची पानेही बहुधा जपून ठेवली जात नसत. १९७७ साली एका विनोदी गीतामुळे अँथनी गोन्साल्विस हे नाव सर्वतोमुखी झाले; परंतु ते प्यारेलाल यांच्या गुरूचे, गोव्यातील माजोर्ड्याच्या एका निष्णात व्हायोलिनवादकाचे नाव आहे, हे गुणगुणणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना माहीत होते. पुढे विद्युत् वाद्ये आली आणि मोठे वाद्यवृंद विरळ झाले.

गीताच्या अखेरीस रेनकोट घातलेली तीन मुले पावसातून चालत जातात. ती राज कपूर यांचीच मुले: रणधीर, रितू आणि लहानगा ऋषी. माणसे जातात, त्यांच्या खुणा उरतात, असा त्या कडव्याचा भाव आहे. पुढच्या खेपेस हे गीत कानी येईल, तेव्हा शब्द थांबतात त्या जागांकडेही थोडे लक्ष द्यावे. ज्यांची नावे कोठेच नोंदली गेली नाहीत, त्यांच्या खुणा तेथे आहेत.